दौलताबादच्या घाटमाथ्यावरचं आकाश: उन्हाळ्यात तारे कधी, कुठे आणि कसे बघायचे

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री अकराच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या म्हणजेच औरंगाबादच्या जवळपास बरोबर डोक्यावरून एक नारिंगी तारा जातो. गच्चीवर चटई टाकून उताणं पडलं की नाकासमोर तोच दिसतो. मराठीत त्याला स्वाती म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत आर्क्टुरस, आणि अरबीत अस्-सिमाक अर्-रामिह, म्हणजे भालेवाला सिमाक. आपलं शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हा तारा आकाशातल्या १९.२ अंशांच्या रेषेवर. फरक पाऊण अंशाचाही नाही. पौर्णिमेचे दीड चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर भरेल एवढाच. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ३७ वर्षं लागतात. घरात कुणी सदतिसाव्या वर्षात असेल तर त्यांच्या जन्माच्या आसपास निघालेला प्रकाश आज त्यांच्या डोळ्यांत शिरतोय, असं मुलांना सांगून बघा. प्रश्न संपत नाहीत.

आकाशातल्या ठळक ताऱ्यांची जी नावं आज जगभर चालतात, त्यांतली बरीच अरबी आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. शुक्रवारच्या बयानात सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पण त्यातला एक तारा बोट दाखवून ओळखा म्हटलं, तर घरातली मोठी माणसंही गप्प होतात. खरं तर मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरातल्या मुलाकडे आकाशाच्या दोन किल्ल्या आहेत. चित्रा, स्वाती, विशाखा, ज्येष्ठा ही नावं शाळेतून, कालनिर्णयातून आणि शेतातून त्याच्या कानावर आलेली असतात. आणि कल्ब, अकरब, असद हे शब्द मकतबमधून, नाहीतर गल्लीतल्या असदभाईंमुळे, त्याला माहीत असतात. या दोन्ही यादी एकाच आकाशाच्या आहेत. फक्त कुणी तरी त्या एकमेकींशेजारी ठेवून दाखवायला हव्यात.

अर्धवट राहिलेली वेधशाळा

आधी या जागेबद्दल थोडं. दौलताबादचा किल्ला, मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास इथे हलवलेली राजधानी, मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी आणि तिचं पुढे झालेलं औरंगाबाद, हा इतिहास शाळेत थोडाफार येतो. एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. बहमनी सुलतान फिरोजशाह (कारकीर्द १३९७ ते १४२२) याने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला घेतली होती. इतिहासकार फरिश्ता याची नोंद देतो. साल हिजरी ८१०, म्हणजे इसवी सन १४०७-०८. काम सोपवलं होतं हकीम हसन गिलानी आणि सय्यद मुहम्मद काजरूनी या दोघांवर. हकीमसाहेबांचं निधन झालं आणि काम तिथेच थांबलं.

तारीख नीट बघा. समरकंदची उलुग बेगची प्रसिद्ध वेधशाळा १४२० च्या दशकात उभी राहिली. तिच्यातून हजारांहून अधिक ताऱ्यांच्या जागांची यादी तयार झाली आणि ती पुढे युरोपपर्यंत गेली. दख्खनमधलं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. आणि दौलताबादला एक फायदा होता, जो समरकंदला किंवा इराणमधल्या मरागाच्या वेधशाळेला कधीच मिळणार नव्हता. समरकंद जवळजवळ ४० अंश उत्तरेला आहे, मरागा ३७ वर आणि दौलताबाद २० वर. त्यामुळे दक्षिण आकाशातले असे कितीतरी तारे इथून दिसतात जे तिथल्या क्षितिजावर कधी येतच नाहीत. मे महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या जरा वर चार ताऱ्यांचा छोटा पतंग उभा दिसतो. हा आपला त्रिशंकू. उलुग बेगला तो समरकंदहून दिसणं शक्यच नव्हतं. फिरोजशाहच्या वेधशाळेला दिसला असता.

रात्र निवडायची चांदतारखेवरून

तारे बघायचे तर आकाशात चंद्र नको. इतर लोकांना त्यासाठी पंचांग किंवा अ‍ॅप उघडावं लागतं. आपल्या घरात भिंतीवर हिजरी कॅलेंडर आधीच टांगलेलं असतं, आणि तारे बघायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. महिन्याच्या १ ते ५ तारखेपर्यंत कोवळा चंद्र संध्याकाळी लवकर मावळतो, त्यानंतर अख्खी रात्र मोकळी. ८ पासून १५-१६ पर्यंत चांदणं एवढं असतं की मोठे तारे सोडले तर काही दिसत नाही. त्या दिवसांत चंद्रच बघावा. पुढे चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवत जातो, म्हणून २० तारखेच्या सुमारास रात्री अकरापर्यंत अंधार मिळतो. २४ नंतर चंद्र उगवतो तोच पहाटेकडे, तेव्हा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चिंता नाही. एखाद्या महिन्याची २६, २७, २८ तारीख शनिवार-रविवारला आली, की तीच आपली रात्र.

वेळेचं म्हणाल, तर मे महिन्याच्या मध्यावर इथे सूर्य सात वाजायच्या जरा आधी मावळतो आणि सव्वाआठच्या पुढे पूर्ण अंधार होतो. इशाची नमाज पढून निघालात तर काही चुकत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मधेच कुणी मोबाईल उजळला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मोबाईल लागणारच असेल तर त्याच्या पडद्यावर आणि टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधा. लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत. दुर्बीण विकत घेण्याची घाई करू नका. पहिला उन्हाळा नुसत्या डोळ्यांचाच असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. जे मूल तारे ओळखायला शिकलेलं नाही त्याच्या हातात दुर्बीण दिली, की दोन दिवसांनी ती कपाटावर जाते.

गच्चीपासून म्हैसमाळपर्यंत

सुरुवात घरच्या गच्चीवरून करा. शहागंज असो, किराडपुरा असो की सिडको, ठळक तारे कुठूनही दिसतात. गच्चीवरचं आकाश किती खराब झालंय याची एक साधी परीक्षा आहे, ती पुढे सांगतो.

शहराबाहेर जायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: शहर ज्या दिशेला, त्या दिशेचं आकाश वाया गेलं. दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, खुलदाबाद सुमारे २५, म्हैसमाळ सुमारे ४०, आणि हे सगळं शहराच्या वायव्येला. म्हणजे तिकडून शहराचा उजेड आग्नेयेला दिसतो, नेमका जिथून वृश्चिक रास वर येते तिथे. म्हैसमाळची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास असल्याने खालची धूळ आणि धूसरपणा कमी होतो, तेवढी भरपाई होते. उत्तर आकाश, डोक्यावरचं आकाश आणि पहाटेची आकाशगंगा यांसाठी आम्ही म्हैसमाळच सुचवू. त्रिशंकूसाठी मात्र उलट दिशेला, पैठण रस्त्याने बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याच्या पुढे जावं. तिकडे शहर पाठीमागे राहतं आणि दक्षिणेचं क्षितिज सपाट, मोकळं मिळतं.

दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी संध्याकाळी बंद होतात. अंधारात आत शिरायचा विचार मनात आणू नका, ते बेकायदा आणि धोक्याचंही आहे. खुलदाबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांच्या परिसरात जायचं तर तिथली शांतता पाळायची, आणि रात्री थांबायचं तर खादिमांना आधी विचारायचं. सगळ्यात चांगलं म्हणजे गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचं शेत. मालकाची परवानगी असते, घर जवळ असतं, बायका-मुलींसाठी सोय असते. आम्ही हे मुद्दाम लिहितोय, कारण 'मुलगे जातील, मुली घरी थांबतील' असं बहुतेक सहलींचं होतं. दोन-तीन कुटुंबं मिळून गेलं, गाडी बांधावरच उभी राहिली, तर खाला, फुफी, दादी सगळ्याच येऊ शकतात. पाण्याचा जार, चटया, थोडं खाणं आणि पायात बूट. उन्हाळ्यात विंचू-साप रात्रीच बाहेर पडतात. आकाशातला अकरब बघायला गेलात, तर जमिनीवरच्यालाही विसरू नका.

दोन याद्या, एक आकाश

मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. बरंच उंचावर सप्तर्षी दिसतील, पातेलं पालथं घातल्यासारखे. अरबांनी यात जनाजा पाहिला: चार तारे म्हणजे तिरडी आणि मागचे तीन तारे म्हणजे तिच्यामागून चालणाऱ्या मुली. म्हणून नाव बनात नअश. पुढे ग्रीकांकडून अस्वलाचं चित्र आलं आणि तीच चांदणी अस्वलाचे अवयव झाली. क्रतू हा दुभे, म्हणजे दुब्ब, अस्वल. पुलस्त्य हा फेक्दा, म्हणजे फख्ज, मांडी. आणि अत्री हा मेग्रेझ, म्हणजे मग्रिज, शेपूट जिथे सुरू होते ती जागा.

मघाशी म्हटलेली परीक्षा या अत्रीची. सातांपैकी सहा तारे ठळक आहेत, अत्री बराच फिका. पातेल्याचा चौथा कोपरा तुमच्या गच्चीवरून दिसतोय का? दिसत असेल तर तुमचं आकाश अजून बरं आहे. नसेल, तर तुमच्या मोहल्ल्यातून मोठे मोजके तारे सोडून बाकीचं आकाश गेलंय असं समजा.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, अरबी नावावरून मिझार. त्याच्या अगदी लगत एक बारीक तारा आहे. मराठी लग्नात नवरा-नवरीला जी अरुंधती दाखवतात ती हीच. अरबी नाव सुहा, म्हणजे दुर्लक्षिलेली. नजर तेज आहे की नाही, हे सुहा दिसतो का यावरून ठरवायची जुनी रीत होती, आणि अरबीत त्यावर म्हणही आहे: एकाने बारीकसा सुहा दाखवावा आणि दुसऱ्याने भला मोठा चंद्र. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हा खेळ घरी जरूर खेळा.

सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाकवत नेली की स्वाती येतो, आणखी पुढे नेली की पांढराशुभ्र चित्रा. चित्रा म्हणजे अस्-सिमाक अल्-अअजल, बिनहत्यारी सिमाक. एका सिमाककडे भाला, दुसऱ्याचे हात रिकामे. डोक्यावर जरा पश्चिमेला सिंह रास, म्हणजे असद. तिचा मघा हा तारा कल्ब-अल्-असद, सिंहाचं काळीज. उत्तरा फाल्गुनी हा जनब-अल्-असद, सिंहाची शेपटी. डेनेबोला हे त्याचं जगभर चालणारं नाव त्याच शब्दाचं झिजलेलं रूप.

रात्री अकरानंतर आग्नेयेला वृश्चिक नीट वर येतो, आणि इथे दोन्ही याद्या सगळ्यात सुंदर जुळतात. सूरह यासीनमध्ये चंद्राच्या मंजिलांचा उल्लेख आहे. अरबांनी चंद्राच्या वाटेवर अशा २८ मंजिला मोजल्या, भारतात २७ नक्षत्रं मोजली, आणि अभिजित धरला तर २८. आता ओळीने बघा. विशाखा ती जुबाना, विंचवाच्या नांग्या. अनुराधा ती इक्लील, मुकुट. ज्येष्ठा ती कल्ब, विंचवाचं लालभडक काळीज. मूळ ती शौला, वर उचललेली नांगी. चारही घरं तीच, क्रम तोच. अल्-बिरुनी इथे येऊन संस्कृत शिकला आणि भारतावरच्या आपल्या ग्रंथात त्याने या नक्षत्रांबद्दल लिहिलं, त्याला आता हजार वर्षं होत आली. तो जे काम करत होता तेच तुमचं सहावीतलं मूल एका रात्रीत करू शकतं: एका हातात मराठी यादी, दुसऱ्यात अरबी, आणि वर बघून जोड्या लावायच्या.

मध्यरात्रीपर्यंत ईशान्येकडे अभिजित बराच वर आलेला असतो. त्याचं वेगा हे नाव 'अन्-नस्र अल्-वाकिअ' मधल्या वाकिअवरून आलंय, म्हणजे झेपावत खाली येणारं गिधाड. सूरह वाकिआच्या नावात तोच धातू आहे. त्याच्या खालचा श्रवण म्हणजे अल्टेअर, मूळ शब्द ताइर, उडणारा. सूरह फील पाठ असलेल्या मुलाला 'तैर' हा शब्द माहीतच असतो. कुरआनमध्ये ज्याचं नाव घेतलंय तो शिअरा, म्हणजे आपला व्याध, बघायचा असेल तर एप्रिलमध्येच मगरिबनंतर पश्चिमेकडे बघून घ्या. मे सरत आला की तो क्षितिजाला टेकू लागतो.

एक खुलासा इथेच करतो, कारण काही घरांत तारे म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. ताऱ्यांवरून नशीब सांगणं वेगळं, आणि ताऱ्यांवरून वेळ, दिशा, महिना ओळखणं वेगळं. पहिल्याला आपल्या दीनमध्ये जागा नाही. दुसऱ्यासाठी मशिदींमध्ये पगारी माणूस नेमलेला असे. त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात या जागेवर इब्न अश्-शातिर होते, आणि ते त्यांच्या काळातल्या सर्वांत मोठ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक होते. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवरचं पुस्तक लिहिलं, त्यात अँड्रोमेडा दीर्घिकेची 'छोटा ढग' अशी नोंद आहे. तीही नुसत्या डोळ्यांनी बघून केलेली.

पहाट: खरी आणि खोटी

फज्रचा वेळ आज आपण छापील तक्त्यावरून किंवा मोबाईलवरून घेतो. तक्ता बरोबरच असतो, पण तो ज्या गोष्टीचा हिशोब सांगतो ती गोष्ट शहरातल्या मुलांनी पाहिलेलीच नसते. सुबह काजिब म्हणजे खोटी पहाट. पूर्व क्षितिजावरून वर जाणारा फिकट, उभा, निमुळता उजेड. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवर सूर्याचा प्रकाश पडल्याने तो दिसतो. जुन्या लोकांनी त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा दिली. नंतर येते सुबह सादिक. ती क्षितिजाला धरून आडवी पसरते आणि वाढतच जाते. रोजा आणि फज्र या दुसरीवर अवलंबून. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना ती सुरू होते, असं आपल्याकडचे बहुतेक तक्ते धरतात. मे महिन्याच्या मध्यावर औरंगाबादला हा वेळ पहाटे साडेचारच्या जवळपास येतो.

म्हैसमाळला किंवा शेतावर रात्र काढलीत, तर तहज्जुदला उठणाऱ्यांनी मुलांनाही साडेतीनला उठवावं. त्या वेळी आकाशगंगा दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत डोक्यावरून गेलेली असते, अभिजित आणि श्रवण ऐन माथ्याजवळ असतात. मग पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि घड्याळ न बघता ओळखायचा प्रयत्न करायचा, की आडवा उजेड नेमका कधी सुरू झाला. प्रत्येकाने आपली वेळ कागदावर लिहायची आणि शेवटी तक्त्याशी ताडून बघायची. पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल, त्याचं काही नाही. खोटी पहाट उन्हाळ्यात पुसट असते. ती ठळक बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे पुन्हा जावं लागेल.

शहरातून यातलं काहीच दिसत नाही. पूर्वेला जालना रस्ता आणि शेंद्र्याचे दिवे रात्रभर जळतात. त्यामुळे गच्चीवरून पूर्व क्षितिज साडेतीनलाही तसंच आणि साडेचारलाही तसंच.

चंद्र कुणी पाहिला?

शाबान आणि रमजानच्या २९ ला संध्याकाळी काय होतं ते वेगळं सांगायला नको. रुयत-ए-हिलाल कमिटीकडे फोन, कुठून तरी आलेला फोटो, कुणी म्हणतं दिसला, कुणी म्हणतं नाही. निर्णय कमिटीचा आणि उलेमांचाच, त्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण निर्णय उभा राहतो तो साक्षीवर. आणि साक्ष देणाऱ्याला विचारलं जातं: किती उंचावर होता? सूर्य मावळला त्याच्या डावीकडे की उजवीकडे? टोकं कुणीकडे होती? ज्याने वर्षभरात एकदाही पश्चिमेचं आकाश नीट पाहिलेलं नाही, तो एकुणतिसाव्या दिवशी अर्ध्या तासात याची काय उत्तरं देणार? शुक्राला किंवा विमानाच्या धुराच्या रेषेला चंद्र समजणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्या नजरेला सवय नसते, एवढंच.

ती सवय लावायला उन्हाळा चांगला. मार्च ते मेमध्ये संध्याकाळी चंद्राची वाट क्षितिजावर जवळजवळ उभी असते, म्हणून कोवळा चंद्र सूर्याच्या बराच सरळ वर, उंच मिळतो आणि होडीसारखा पाठीवर पडलेला दिसतो. ईदचा महिना नसला तरी दर महिन्याच्या २९ आणि ३० ला मगरिबनंतर दहा मिनिटं गच्चीवर जा. उंची मोजायला हाताची मूठ पुरे: हात लांब केला की मूठ सुमारे १० अंशांची भरते. याच मुठीने ध्रुव तारा, म्हणजे कुतुब तारा, उत्तर क्षितिजापासून दोन मुठींवर सापडतो. कारण त्याची उंची आणि गावाचा अक्षांश एकच. किब्ला इथून ठीक पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे ९ अंश, म्हणजे एक मूठ सरकलेला.

मे महिन्यात दिवसाही दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. १९ मेच्या आसपास, दुपारी साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी सूर्य शहराच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. अस्रची वेळ काढताना जी 'असली सावली' वजा करतात, ती त्या दिवशी शून्य. आणि २७-२८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबाच्या बरोबर वर असतो. त्या क्षणी आपल्याकडून सूर्य ज्या दिशेला दिसतो तीच किब्ल्याची दिशा. घराचा, नव्या मशिदीचा किब्ला तपासायला कंपासपेक्षा हे भरवशाचं, कारण लोखंडाच्या सळ्यांजवळ कंपास चकतो. सूर्याकडे थेट बघू नका, काठीची सावली उलट्या दिशेने आखा.

दिवा खाली

आकाश गेलं म्हणून फक्त महापालिकेला बोल लावता येणार नाही. शादीखान्यांचे फोकस, दुकानांच्या पाट्यांवर रात्रभर जळणारे एलईडी, आणि मोकळेपणाने बोलायचं तर मशिदींच्या मिनारांवर खालून वर मारलेले दिवेही यात आहेत. रोषणाई करू नये असं आम्ही म्हणत नाही. दिव्यावर टोपी असावी, उजेड खाली पडावा, रंग पांढऱ्याऐवजी पिवळट असावा आणि इशानंतर तासाभराने मिनारावरचा फोकस बंद व्हावा. वीजबिलही कमी येईल. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्या मशिदीने हे करून, आधी आणि नंतर मोहल्ल्यातल्या गच्चीवरून अत्री दिसतो का हे मुलांकडून तपासून घेतलं, तर आम्हाला जरूर कळवा, आम्ही छापू.

हंगाम मात्र लहान आहे. २५ मेच्या सुमारास शेतकरी रोहिणी नक्षत्र लागलं म्हणतात, ७-८ जूनला मृग. म्हणजे सूर्य त्या नक्षत्रांत शिरतो, आणि म्हणूनच मृग लागतो तेव्हा आकाशात मृग शोधून सापडत नाही. त्याच सुमारास ढग येतात आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत मोकळी रात्र क्वचितच मिळते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमलं तर मगरिबनंतर दक्षिणेला सुहैल, म्हणजे अगस्त्य, बघून घ्या. मे लागला की तो संधिप्रकाशातच मावळू लागतो आणि पुन्हा संध्याकाळी दिसायला थंडी उजाडावी लागते.